कापलेली अठरा पानं

माझ्या धाकट्या बहिणीचं, झेनाइदाचं, कुणी कौतुक करायला लागलं की आजही माझ्या पोटात दुखतं. लपवून काय करू? सत्तरी उलटली, दात गेले, गुडघे गेले, पण हे दुखणं काही गेलं नाही. माझं नाव बेनिग्ना, म्हणजे मायाळू. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

आता तुम्ही म्हणाल, सख्ख्या बहिणीवर कुणी एवढं जळतं का? जळतं. तुम्हाला अशी बहीण नसेल म्हणून विचारता.

आमचं गाव काबाइग्वान. गावात ज्याला हात आहेत तो तंबाखूत. आई चिरुटांच्या कारखान्यात पत्तीची शीर काढायला बसायची, दालनाच्या मागच्या बाजूला, बायकांच्या रांगेत. पुढे वळणाऱ्यांची बाकं. बायका तेव्हा वळायला बसत नसत, पण मी बाराव्या वर्षी बसले. शेजारच्या बेलार्मिनोकाकानं मला शिकवलं. त्याची जीभ तिखट, पण हात सोन्याचा. वर्षभरात माझा चिरूट त्याच्या चिरुटाशेजारी ठेवला तर मुकादमालाही ओळखू यायचा नाही. हे एवढ्यासाठी सांगते की मी काही अगदीच टाकाऊ नव्हते.

आणि दालनाच्या मधोमध उंच मंचावर खुर्ची, तिच्यावर वाचनमास्तर. सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी. आम्ही वळायचं, त्यांनी वाचायचं. कादंबरी कुठली ते आम्ही मतं टाकून ठरवायचो, आणि सोपी नाही हं, चांगली उशीएवढी जाड, तीन-तीन महिने चालणारी. वाचन आवडलं तर हातातली चावेता बाकावर ठोकायची. चावेता म्हणजे पत्ती कापायची आमची अर्धगोल सुरी, तिला मूठ नसते. एकशेऐंशी चावेता एकदम वाजल्या की छपराची धूळ खाली यायची. नाही आवडलं तर जमिनीवर टाकायची. त्या आवाजाला मास्तरलोक फार भ्यायचे.

आमचे मास्तर होते निकानोर. उंच, वाळकी काठी, आवाज मात्र देवळातल्या घंटेसारखा. त्यांचा एक हट्ट होता. पुढचं स्वतः आधी वाचून यायचं नाही. म्हणायचे, "मला शेवट ठाऊक असला की माझा आवाज चुगली करतो. तुम्हाला कळेल त्याच दिवशी मला कळू दे."

झेना माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शाळा सुटली की आईजवळ येऊन बसायची आणि ऐकायची. बाकीची पोरं बाकाखाली चिंचोके खेळायची, ही आपली तोंड उघडं टाकून ऐकत बसलेली. आठव्या वर्षी मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, "शनिवारी-रविवारी पुस्तक इथंच कपाटात पडून असतं ना? मग मला द्या की." मास्तर हसले आणि दिलं. सोमवारी परत आणलं तेव्हा ही बया ऐंशी पानं पुढे होती.

झालं! तेव्हापासून घरीदारी एकच भजन. झेना, झेना, झेना. गावचा न्हावी म्हणायचा, ही पोर वकील होणार. पाद्री म्हणायचा, जोगीण होणार. पेरूच्या झाडावर बसून वाचायची, संडासात बसून वाचायची, जेवताना पुस्तक मांडीवर आणि भात जमिनीवर. आणि आई, जिनं मला सांडलेल्या दाण्यासाठी चापट मारली होती, ती म्हणायची, "असू दे गं, वाचतेय ती." मी वळलेले चिरूट कुठे कुठे लोक ओढत असतील, पण माझ्यासाठी कुणी "असू दे गं" म्हटलं नाही.

कारखान्यातही तिचा वेगळाच तोरा. ती पुढचं वाचून आलेली असायची म्हणून सोमवारी सगळे तिच्यामागे.

"झेने, सांग ना, मरतो का तो?"

"नाही सांगणार."

"पेरूची वडी देतो."

"काका, वडी द्या, पण सांगणार नाही," ती म्हणायची आणि वडी खाऊन टाकायची. सगळे खो खो हसायचे. मला अशी चीड यायची की हातातली पत्ती फाटायची.

मीही प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. एका रविवारी ती अंघोळीला गेली तेव्हा तिचं पुस्तक उघडलं. बोट ठेवून वाचत वाचत चौदाव्या पानावर पोचले. तोवर त्यात एका माणसाची तीन तीन नावं झाली होती आणि कोण कुणाचा बाप ते समजेना. ती आली, डोकं पुसत म्हणाली, "बेना, कुठे अडलीस? मी सांगू?" इतक्या प्रेमानं म्हणाली! तिनं कुत्सितपणे विचारलं असतं तर मी तिला माफ केलं असतं.

सत्तेचाळीस साली ती काळ्या पुठ्ठ्याची कादंबरी आली. सहाशे चाळीस पानं, कुठल्याशा बर्फाच्या देशातली. एक न्यायाधीश असतो, तो स्वतःच्या भावाला निर्दोष असताना फाशी देतो आणि मग वीस वर्षं त्याला झोप नाही. खरं त्याच्याशिवाय कुणाला माहीत नसतं. दालनातले म्हातारे म्हणाले, इतकी अवघड कादंबरी आम्ही आजवर ऐकली नाही. पण सोडवेना. चार महिने चालली. लोक जेवताना भांडायचे, तो भावाच्या बायकोला सांगेल की नाही सांगणार. बेलार्मिनोकाका म्हणे, "सांगेल कसला! न्यायाधीश तो. स्वतःचं सोडून सगळ्यांचं सांगेल."

शेवटचा आठवडा उरला होता. शनिवारी झेना पुस्तक घरी घेऊन आली, तेव्हा शेजारच्या बायका ओट्यावर जमून तिला बघत होत्या. अकरा वर्षांची पोर आणि मांडीवर ती धोंड! एकजण मला म्हणाली, "आणि तू गं, थोरली ना? तू नाही वाचत?"

डोक्यात तिडीक गेली. रविवारी झेना आईबरोबर चर्चला गेली, माझं पोट दुखतंय म्हणून मी घरी राहिले. खूणपट्टी सहाशे पानांच्या आसपास होती. मी माझी चावेता घेतली आणि शेवटची अठरा पानं शिवणीपासून कापली, सरळ रेषेत. पत्ती कापायचा हात होता, जरा म्हणून दातरं राहिलं नाही. मक्याच्या पिठाच्या रिकाम्या डब्यात घालून डबा माझ्या कपड्यांखाली सारला. वाटलं, बस आता शेवट शोधत!

अक्कल बघा माझी. ते पुस्तक झेनाचं नव्हतं, दालनाचं होतं, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. एकशेऐंशी माणसं चार महिने ज्या शेवटासाठी थांबली होती तो मी कपड्यांखाली दडवला होता.

रविवारी संध्याकाळी झेना वाचता वाचता थांबली. पुस्तक मिटलं. माझ्याकडे पाहिलं नाही, आईला काही बोलली नाही. सोमवारी पुस्तक मास्तरांना देऊन आली.

गुरुवारी मास्तर सहाशे बाविसाव्या पानावर आले. न्यायाधीश बर्फातून चालत भावाच्या विधवेच्या दाराशी येतो, कडी वाजवतो, आणि मास्तरांनी पान उलटलं. तिथं नुसता पुठ्ठा. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "पानं नाहीत."

मग जो गलका उठला! कुणी म्हणे मालकानं फाडली, कुणी म्हणे उंदीर. "शेवटी पुस्तक कुणाकडे होतं?" कुणीतरी विचारलं आणि सगळ्या माना मागे आईकडे वळल्या. आईच्या हातातली पत्ती गळून पडली. आता झेना बोट दाखवणार, मला ठाऊक होतं, तिला कळलेलं असणार, घरात चावेता होती एकाच माणसाकडे.

तेवढ्यात बेलार्मिनोकाका ओरडला, "अरे, पानं गेली तर गेली! पोरीनं वाचलंय ना! झेने, चढ वर. आज नाही सांगणार म्हणालीस तर वडी परत घेईन."

तिला उचलून मंचावर ठेवलं. पाय खुर्चीवरून लोंबकळत होते. ती सांगायला लागली. विधवा दार उघडते. थंडीनं याचे ओठ निळे पडलेत, शब्द फुटत नाही. ती त्याला चुलीजवळ बसवते, कोबीचं सूप वाढते. तो म्हणतो, बाई, मी कोण आहे ते आधी ऐक. ती म्हणते, "माहितेय मला. जेव आधी." तिला वीस वर्षं माहीत असतं. मग तो जेवतो. जेवता जेवता रडतो, आणि ती पाव कापत राहते. अर्धा तास सांगितलं तिनं, थाळीचा टवका उडालेला इथपर्यंत सांगितलं. एकजणही वळत नव्हता. संपल्यावर चावेता अशा वाजल्या की रस्त्यावरची माणसं खिडक्यांशी आली. निकानोर मास्तर उघड उघड डोळे पुसत होते. आई तर काय, तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

मी करायला गेले काय आणि झालं काय! माझ्याच सुरीनं मी तिला राणी करून ठेवली. त्या दिवसापासून अख्ख्या गावात 'अकराव्या वर्षी सहाशे चाळीस पानं तोंडपाठ असलेली पोर' म्हणून तिचं नाव झालं.

त्या रात्री नाही, पण त्या महिन्यात मी डबा उघडला. रोज एक पान, दुपारी, बोट ठेवून. तीन आठवडे लागले. आणि वाचते तर काय! त्यात सूप नव्हतं! विधवा दार उघडतच नाही. न्यायाधीश तिथून चर्चमध्ये जातो, पाद्र्याला सगळं सांगतो, पाद्री सहा पानं उपदेश करतो आणि हा पायरीवर मरतो. म्हणजे झेनानं शेवट वाचलाच नव्हता. सगळं मनचं!

आनंदानं मी नाचायची बाकी राहिले. सापडली चोरी! पण दाखवणार कुणाला? पानं दाखवली की पहिला प्रश्न, तुझ्याकडे कशी आली. मूठ नसलेलं पातं ते, धरावं तर आपलाच हात कापणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, छापलेला शेवट तिच्या शेवटापुढे अगदीच पाणचट होता. चौदा पानांच्या पुढे न गेलेल्या मलाही ते कळलं. नऊ वर्षं मी तो डबा जपला आणि नऊ वर्षं जळत राहिले.

छप्पन साली निकानोर मास्तरांचा आवाज बसला तो बसलाच. खुर्ची रिकामी झाली. तोवर झेना वीस वर्षांची, आईशेजारी शिरा काढायला बसायची. हात अगदीच ढ. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती खुर्ची. आमच्या इथे कुठली बाई त्या खुर्चीवर बसली नव्हती. समोर उभा राहिला आर्सेनियो, सिनेमाच्या जाहिराती भोंग्यावरून ओरडत गावभर फिरणारा. आवाज दांडगा, अक्कल बेताची. दोघांनी एकेक दुपार वाचून दाखवायचं, मग मतपेटी.

आर्सेनियोनं वाचलं. चावेता बऱ्यापैकी वाजल्या. दुसऱ्या दिवशी झेनाची पाळी. सकाळी मी कॉफी गाळत होते. ती केस विंचरत म्हणाली, "बेना, आज येताना ती पानं घेऊन ये."

"कुठली पानं?"

"पिठाच्या डब्यातली."

फडक्यातून गरम कॉफी माझ्या हातावर सांडली. "तुला कधीपासून माहितेय?"

"त्याच रविवारपासून. डबा नंतर सापडला, पण मी उघडला नाही. तुझा होता ना." ती पुस्तक पिशवीत घालत होती, तेच काळ्या पुठ्ठ्याचं. "मी आज त्याचा शेवट वाचणार आहे. खरा."

"वेड लागलंय का तुला? लोकांना कळेल की तू थापा मारल्या होत्यास. मत कोण देईल?"

"नाही दिलं तर नाही दिलं. त्या थापेवर मी खुर्चीवर नाही बसणार. रोज त्यांच्यासमोर बसून वाचायचं आणि मनात हे? माझ्यानं नाही होणार."

"आणि मी नाही आणली तर?"

"तर मी सहाशे बावीसपर्यंत वाचीन आणि थांबेन," ती म्हणाली आणि निघून गेली.

आणली मी. एप्रनच्या खिशात घालून आणली. माझ्या मनात चांगुलपणा जागा झाला असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. वाटलं, ही स्वतःच्या हातानं खड्डा खणतेय, फावडं द्यायला माझं काय जातं! खुर्ची गेली म्हणजे येऊन बसेल पुन्हा शिरा काढत, आणि मग बघू कोण म्हणतं झेना, झेना.

तिनं शेवटचं प्रकरण धरलं. आवाज आर्सेनियोच्या निम्मा, पण शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. न्यायाधीशानं कडी वाजवली आणि ती थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. नुसती पुस्तक धरून बसली. मी उठले, बाकांच्या मधून चालत गेले, पानं तिच्या हातात दिली आणि परत येऊन बसले. तिनं वाचली. उपदेशाची सहाच्या सहा पानं, एक ओळ न गाळता. न्यायाधीश पायरीवर मेला. एकही चावेता वाजली नाही.

"हे कुठलं?" बेलार्मिनोकाका भडकला. "तो सूप पितो! मी स्वतः ऐकलंय. छापणाऱ्यानं घाण केली!"

"छापणाऱ्यानं नाही, काका," झेना म्हणाली. "सूप माझं होतं. मी शेवट वाचलाच नव्हता. त्या दिवशी बनवून सांगितला. तुम्हा सगळ्यांना फसवलं."

कुजबुज अशी फिरली की मी मनात म्हटलं, गेली! आता गेली! माझं काळीज आनंदानं धडधडत होतं. आणि तेवढ्यात काकानं विचारलं, "मग पानं होती कुठे?"

एकशेऐंशी माणसांनी मला ती नेऊन देताना पाहिलं होतं. इतकं साधं मला सकाळपासून सुचलं नव्हतं. सगळे माझ्याकडे वळले. झेना मंचावरून म्हणाली, "काका, ते जाऊ द्या." तिनं मला वाचवावं, आणि तेही सगळ्यांसमोर, हे मात्र मला सोसेना.

"मी कापली," मी म्हणाले. "माझ्या चावेतेनं. तिला शेवट मिळू नये म्हणून."

मागून आईचा आवाज आला, "अगं मेले!" आणि बेलार्मिनोकाकानं, ज्यानं मला ती सुरी धरायला शिकवली होती त्यानं, माझ्याकडे बघत आपली चावेता जमिनीवर टाकली. मग त्याच्या शेजारच्यानं. मग पुढच्या रांगेनं. सगळ्या दालनात लोखंड पडत होतं, आणि ते वाचनासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. मी मान वर करून बसले. रडले नाही.

सगळं शांत झाल्यावर काका वाकला, चावेता उचलली, झेनाला म्हणाला, "पोरी, अकरा वर्षांची असताना तू रचलंस ते? सूप? आणि तो थाळीचा टवका?" ती हो म्हणाली. त्यानं बाकावर एकदा ठोकलं. मग जे काही वाजलं ते मी सांगत नाही, मला अजून ऐकवत नाही.

लगेच मतदान झालं. एकशेचार विरुद्ध एकाहत्तर. खुर्ची झेनाची. पुढे एकतीस वर्षं तिचीच राहिली, आणि एकतीस वर्षं मी खाली बसून ऐकलं.

त्या संध्याकाळी आई मला बघून शेजारी निघून गेली. मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसले होते. झेना आली, हात धुतले, भात आणि काळ्या घेवड्याचं कालवण वाढून थाळी माझ्यासमोर ठेवली. मला वाटलं, हिला एकदा तरी चिडलेलं बघू दे, एकदा तरी माझ्या पातळीवर उतरू दे.

"मी मत आर्सेनियोला दिलं," मी म्हणाले.

"माहितेय मला," ती पाव कापत म्हणाली. "जेव आधी."